मुंबईतल्या आमच्या ग्रामविकास मंडळाला खुलं पत्र: कमानीचा विषय नंतर, आधी तापाचा घ्या

मंडळाचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि सगळ्या वाड्यांतली मुंबईकर मंडळी, नमस्कार.

हे ग्रुपवर टाकलं असतं पण तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांखाली सगळं गाडलं जातं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. गणपतीआधीची तुमची मीटिंग परळला का डोंबिवलीला कुठेतरी होईलच, त्यात वेशीवरच्या कमानीचा विषय आहे असं कानावर आलं, वर्गणी किती, नाव कोणाचं कोरायचं वगैरे. कमान होऊदे, आमची ना नाही. फक्त त्याच्या आधी अर्धा तास मला द्या. विषय ताप.

मी गावातच राहतो, थोडी शेती आहे आणि रिक्षा चालवतो, म्हणजे रात्री-अपरात्री कोणाला ताप भरला की पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नाहीतर पुढे ग्रामीण रुग्णालयात नेणारा बऱ्याचदा मीच असतो. मी डॉक्टर नाही. पण इतकी वर्षं तापाची माणसं मागच्या सीटवर घालून नेली आणि डॉक्टर काय काय विचारतात ते दारात उभं राहून ऐकलं, त्यात एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय की गावचा ताप वेगळा आणि मुंबईचा ताप वेगळा असं आता काही राहिलेलं नाही. तो तुमच्याबरोबर कोकणकन्येने येतो, तुमच्याबरोबरच परत जातो, आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांच्या हाती अर्धीच गोष्ट लागते.

लेप्टोपासून सुरू करतो, कारण त्यात माणूस जातो.

लेप्टोस्पायरा म्हणून एक जंतू आहे, तो उंदीर, घुशी, गुरं, कुत्री यांच्या मुतातून बाहेर पडतो आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात बरेच दिवस, कधी कधी काही आठवडे टिकतो. आता आपली लावणी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, आठ-आठ तास चिखलात, बांधाबांधाला उंदरांची बिळं, वरच्या गोठ्याचं पाणी खालच्या कुणग्यात (भाताच्या वाफ्यात) उतरलेलं, आणि पायांना चिखल्या झालेल्या, बोटांच्या बेचक्यातली कातडी सोललेली. जंतूला आत शिरायला एवढं पुरतं. मोठी जखम लागत नाही, बारीक चीर चालते, भिजून मऊ पडलेली कातडी चालते, चिखलाचा हात डोळ्याला लावला तरी चालतं. आणि एकदा आत गेला की लगेच काही होत नाही, साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो, कधी दोन दिवसांत तर कधी महिन्याने पण.

आता यात मुंबईकर कुठे आला ते बघा. शनिवार-रविवार जोडून तुम्ही लावणीला येता, दोन दिवस उतरता, रील काढता (काढा, बरं वाटतं बघायला, नाहीतर अर्धे मळे ओस पडलेत), सोमवारी पहाटे दादरला उतरून कामावर. ताप येतो तेव्हा तुम्ही नालासोपाऱ्यात असता. तिथल्या डॉक्टरच्या डोक्यात पावसाळा म्हटलं की आधी डेंग्यू आणि मलेरिया, आणि त्यांचं काही चुकत नाही, त्यांच्याकडे रांग त्याचीच असते.

आमच्या शेजारच्या काकींचा पुतण्या असाच आला होता, जिमला जाणारा धडधाकट पोरगा. अनवाणी उतरला, तरवा (भाताची रोपं) काढताना पायाला काहीतरी लागलं होतं त्याला हळद लावली आणि परत चिखलात. गेल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप, डोकं ठणकायला लागलं, पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की जिना उतरता येईना. गोळ्या घेतल्या, डेंग्यूची टेस्ट केली, निगेटिव्ह आली म्हणून घरचे निवांत. डोळे लाल होते ते मोबाईल बघून झाले असं आईचं म्हणणं. मग लघवी कमी झाली आणि डोळ्यात पिवळं दिसायला लागलं. तेव्हा घरच्यांनी काय करावं, तर कोणीतरी सांगितलेलं काविळीचं झाडपाल्याचं औषध आणायला माणूस पाठवला. तेवढ्यात इकडून काकींच्या लेकीने सहज फोन केला की आईला लेप्टो निघालाय, सात दिवस ॲडमिट होती. त्या एका फोनवर पुढचं सगळं फिरलं. त्याला रात्रीच मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, तिथे पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं की हा शेतात उतरला होता, आणि औषध बदललं. डायलिसिस करावं लागलं पण पोरगा वाचला. काकी आणि पुतण्या एकाच कुणग्यात होते हे काकींच्या डॉक्टरला माहीत नव्हतं आणि पुतण्याच्या डॉक्टरला पण नव्हतं.

यात टेस्टबद्दल एक बारीक गोष्ट आहे ती मीटिंगमध्ये जरा जोरात वाचा. लेप्टोची जी नेहमीची रक्ततपासणी असते ती अँटीबॉडी शोधते, आणि त्या अंगात तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात, म्हणजे तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तर त्याचा अर्थ लेप्टो नाही असा होत नाही. औषध मात्र त्याच सुरुवातीच्या दिवसांत सगळ्यात जास्त कामाचं असतं, आणि ते काही दुर्मिळ नाही, डॉक्सीसायक्लिन, पेनिसिलिन, ही जुनीच औषधं आहेत. म्हणून डॉक्टर संशयावरून औषध चालू करतात. आता संशय यायला डॉक्टरला काय पाहिजे? तुमचं तोंड. "डॉक्टर, मी कोकणात भातशेतीत उतरलो होतो, अमुक तारखेला." एवढं एक वाक्य. ते बोलायला पैसे पडत नाहीत आणि मुंबईतल्या कुठल्याही लॅबमध्ये ते विकत मिळत नाही.

प्रतिबंधाच्या गोळीचं पण असंच आहे. लावणीच्या दिवसात आशाताई घरोघरी डॉक्सीच्या गोळ्या देतात, मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा दोनशे मिलिग्रॅम, जेवल्यावर भरपूर पाण्याबरोबर. उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि मग पुढच्या आठवड्याला आमचीच माणसं गोळी कौलावर फेकतात, "माका काय एक होवचा नाय" म्हणत. त्याच्याशी आमचं आम्ही भांडू. पण आशाताईंच्या यादीत घरात राहणारी माणसं असतात, दोन दिवसांसाठी आलेला मुंबईकर त्यात कधीच नसतो, आणि उलट त्याचीच कातडी चिखलाला सरावलेली नसते. तेव्हा येण्याआधी फोन करा, किंवा उपकेंद्रात जाऊन विचारा. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या पोराला ही गोळी देत नाहीत, म्हणून मेडिकलवाल्याकडून आपल्या मनाने पाकीट उचलून घरभर वाटू नका.

आणि ते पोस्टरवरचे गमबूट. एकदा गमबूट घालून आमच्या खालच्या मळ्यात लावणी करून दाखवा कोणीतरी. पाय वर येतो, बूट खाली राहतो. हे पोस्टर काढणाऱ्याने कधी तरवा धरला नसावा. गोठा साफ करताना, पूर ओसरल्यावर घर धुताना गमबूट घालाच, तिथे ते चालतात. लावणीत मात्र पायाला चीर असेल तर त्या दिवशी बांधावर बसून चहा द्या, आणि बाहेर आल्यावर साबणाने पाय धुवून कोरडे करा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा मदतीला आलेल्या कितीतरी पोरांनी दिवस दिवस गाळात काढले, म्हणजे हे फक्त शेतकऱ्याचं दुखणं आहे असं पण समजू नका, २००५ च्या २६ जुलैनंतर लेप्टो तुमच्या मुंबईने पण बघितलाय.

आता उलट बाजू. तुम्ही गावी येताना काय आणता ते.

राग नको, सरळ सांगतो. डेंग्यूचा डास, तो पांढऱ्या पट्ट्यांचा, गावात आहेच. पण तो जन्मतःच डेंग्यू घेऊन फिरत नाही (क्वचित अपवाद सोडा), त्याला आधी डेंग्यू झालेला माणूस चावायला लागतो. मुंबईहून तापातच निघालेला माणूस गणपतीला येतो, दुपारी ओटीवर लोळतो, डास चावतो, आठ ते बारा दिवसांनी तो डास दुसऱ्याला डेंग्यू द्यायला तयार. हा डास दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटर म्हणजे त्याला खूप. म्हणून डेंग्यू आपल्याकडे एकेका वाडीत सापडतो. तुम्ही गौरी-गणपती विसर्जन करून गेलेले असता आणि मग वाडीत एकामागून एक माणूस पडायला लागतो, आणि सगळे म्हणतात हवामान बदललं म्हणून ताप आलाय.

या डासाला वाढायला घर कोण देतं? माफ करा पण तुमची बंद घरं. आमच्या गावात पावसाळ्यात कुलूप लागलेली घरं मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरणार नाहीत. स्लॅबवर सिंटॅक्सची टाकी, झाकण उडालेलं. मागच्या पडवीत पत्र्याचं पिंप. बांधकामाच्या वेळचं राहिलेलं सिमेंटचं टाकं. तुटका कमोड माडाखाली पडलेला. अंडं घातल्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, आणि या डासाची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून कोरडी पण कित्येक महिने जिवंत राहतात, पुढच्या पावसाचं पाणी लागलं की फुटतात. आशाताई आणि आरोग्य सेवक दर आठवड्याला कंटेनर बघत फिरतात, कोणाच्या मडक्यात अळ्या सापडल्या तर बोलणी घालतात, आणि तुमच्या गेटसमोर येऊन कुलूप बघून पुढे जातात. राहणाऱ्याने रोज पिंप घासायचं आणि शेजारच्या बंद घरात डासांची शेती, हे बरोबर आहे का?

मलेरियाचं थोडक्यात. मुंबईत मलेरिया झाला, ताप दोन-तीन दिवसांत उतरला की आपली पोरं गोळ्या सोडून देतात. व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया लिव्हरमध्ये दबा धरून बसतो, त्यासाठी प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स डॉक्टर देतात तो पूर्ण करायचा असतो, नाहीतर कित्येक महिन्यांनी परत उठतो, आणि मग तो ऐन शिमग्यात गावी उठला की पालखी नाचवणाऱ्या सगळ्यांनाच डास चावतात. कोर्स पुरा करा एवढंच.

पाण्याचं मात्र जरा सविस्तर सांगतो. गणपतीत गावाची वस्ती दुप्पट-तिप्पट होते, विहीर तीच, आणि नव्या घरांचे शोषखड्डे जिथे जागा मिळाली तिथे, काही तर विहिरीपासून ढांगेवर. आपला जांभा म्हणजे चाळण आहे, मुसळधार पावसात वरचं पाणी कुठून कुठे झिरपतं सांगता येत नाही. जलसुरक्षक विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, मग पाण्याची ओटी टेस्ट करतो, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. पण पावडर टाकली की कोणीतरी मुंबईकर येतोच, "पाण्याला वास मारतोय, आमची पोरं पित नाहीत, टाकू नका." गेल्या खेपेला असं बोलणाऱ्यांत मंडळाचे पदाधिकारी पण होते, नाव घेत नाही. अहो तुमच्या नळाला पण क्लोरीनच असतं. जुलाब तर लगेच दिसतात, दोन दिवसांत कळतं. काविळीचं तसं नाही, ए प्रकारच्या काविळीला सरासरी चार आठवडे लागतात आणि ई प्रकारची दोन ते आठ आठवड्यांनी कधीही दिसते. म्हणजे चतुर्थीला प्यायलेलं पाणी नवरात्र-दसऱ्याला डोळ्यात उतरतं. तोपर्यंत तुम्ही विरार, कळवा, घाटकोपर सगळीकडे पांगलेले, एकेक जण वेगळ्या डॉक्टरकडे, आणि एकाच विहिरीचे दहा पेशंट झालेत हे कोणाच्याच लक्षात येत नाही. गरोदर बाईला ई काविळ जिवावर बेतू शकते. आणि विहीर तशीच, आम्ही तेच पाणी पितोय.

दोडामार्ग, सावंतवाडी, बांद्याकडची सोयरीक असलेल्यांसाठी माकडतापाचं पण सांगून ठेवतो. हा १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, आणि २०१६ पासून आपल्या जिल्ह्यात दोडामार्गात आला. गोचिडीतून येतो, माणसाकडून माणसाला होत नाही. त्याचा सीझन लेप्टोच्या बरोबर उलट, थंडीपासून मेपर्यंत, म्हणजे काजूच्या बागेत पाचोळ्यात बसून बिया वेचायचे दिवस, आणि तुमच्या मे महिन्याच्या सुट्टीचे पण. गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकदम जोराचा ताप, डोकं, अंग मोडून येतं, कोणाला नाकातून हिरड्यांतून रक्त. तेवढ्या दिवसांत माणूस मुंबईत पोचलेला असतो आणि तिथल्या डॉक्टरने हा आजार पुस्तकाबाहेर बघितलेला नसण्याची शक्यताच जास्त. बागेत मेलेलं माकड दिसलं तर पोरांना फोटो काढायला जवळ पाठवू नका, पीएचसीला फोन करा. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच पसरतात.

मला माहितीय हे वाचून काहीजण म्हणणार, म्हणजे परत आम्हालाच रोगराई आणणारे म्हणताय. २०२० अजून कोणी विसरलेलं नाही. वेशीवर बांबू आडवे टाकलेले, शाळेत चौदा दिवस क्वारंटाईन, सख्ख्या भावाने लांबून ताट सरकवलं, ते मनाला लागलं आणि लागायलाच पाहिजे होतं. गावाने तेव्हा कमी-जास्त केलं. बागांवरच्या नेपाळी राखणदारांना आणि बोटीवरच्या खलाशांना तर आपण सगळे मिळून दरवर्षीच दोष देतो, त्यांची रक्ततपासणी झाली की नाही हे विचारतो पण त्यांना झोपायला मच्छरदाणी आहे का हे विचारत नाही. पण हे येणं-जाणं काही आत्ताचं नाही. १८९६ ला मुंबईत मांडवीत प्लेग लागला, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून आपापल्या गावाकडे पळाली. त्या माणसांना ना फोन होता, ना कोणाला माहीत होतं की प्लेग पसरतो तो उंदरावरच्या पिसवांमुळे. आपल्याला सगळं माहीत आहे आणि खिशात फोन पण आहे, तरी काकी-पुतण्याची गोष्ट योगायोगाने जुळते.

म्हणून मंडळाकडे मागणं असं. गावाहून गेल्यावर महिनाभरात कोणालाही ताप किंवा कावीळ झाली तर त्याने डॉक्टरला गावचं सांगायचं, शेतात उतरलो, बागेत गेलो, विहिरीचं पाणी प्यायलो, जे असेल ते तारखेसकट. आणि दुसरा फोन सेक्रेटरींना. सेक्रेटरींनी नाव नाही कळवलं तरी चालेल, खरं तर नाव नकोच, गावात चर्चा कशी होते माहितीय, फक्त वाडी कुठली, कधी आले होते आणि डॉक्टर काय म्हणाले एवढं आशाताईंना कळवायचं. तेवढ्यावर त्या वाडीत सर्व्हे लागतो, विहिरीचा नमुना जातो, कोण तापाने घरात पडलंय ते सापडतं. तसंच आमच्याकडे लेप्टोचा किंवा डेंग्यूचा पेशंट निघाला की मी स्वतः तुमच्या ग्रुपवर टाकेन, आणि त्याच्याखाली हात जोडलेले इमोजी नकोत, त्या आठवड्यात गावी आलेल्यांपर्यंत फोन पोचले पाहिजेत.

घराची एक चावी वाडीत कोणाकडे तरी ठेवा. भांडण असेल तर ज्याच्याशी नाही त्याच्याकडे ठेवा. आणि पैशाचं म्हणाल तर कमानीला जे जमणार आहे त्यातून आधी वरच्या विहिरीचा कठडा आणि भोवतीचं सिमेंटीकरण होऊ शकतं, शोषखड्डे हलवायला दोन घरांना मदत होऊ शकते, उरलं तर कमान थोडी बुटकी करा, पालखी जाईल एवढी उंच असली की झालं.

मीटिंगची तारीख कळवा, मी रातराणीने येतो. आशाताईंना पण आणायचा विचार आहे, त्यांच्या तिकिटाचं मंडळाने बघावं, त्यांना मिळणाऱ्या मानधनातून ते होणार नाही.

आपला,
गावातला रिक्षावाला

ता. क. खालच्या वाडीत विहिरीला लागून ज्यांचं गुलाबी रंगाचं बंद घर आहे त्यांनी मीटिंगआधी मला फोन करावा. टाकीचं झाकण मी बाजूच्या परड्यातून शोधून ठेवलंय, पण गेटला कुलूप आहे आणि तुमचं कंपाऊंड चढायचं वय माझं राहिलेलं नाही.